न सुटणारा ब्रेक

मोटारसायकलीच्या ब्रेकला दोन कामे करावी लागतात, चाक धरणे आणि चाक सोडणे, आणि यांपैकी पहिल्या कामाबद्दल वाहनधारक जितका जागरूक असतो तितकाच दुसऱ्याबद्दल तो निर्धास्त असतो. ब्रेक लागेनासा झाला तर माणूस त्याच दिवशी मिस्त्रीकडे जातो; पण लागलेला ब्रेक पुरता सुटत नसेल, म्हणजे लिव्हर किंवा पेडल सोडल्यानंतरही आतली अस्तरे चाकाला घासतच राहत असतील, तर ‘गाडी थांबते ना, मग झाले’ एवढ्या समाधानावर महिनेच्या महिने निघून जातात. अभियांत्रिकीत या दोषाला ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात; गॅरेजमध्ये त्यालाच ब्रेक चिकटणे, ब्रेक धरून राहणे, चाक जाम होणे असे म्हटले जाते, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी तर बहुधा एवढीच तक्रार असते की गाडी हल्ली जड चालते.

या दोषाचे मूळ ब्रेकच्या रचनेतच आहे. ब्रेक लावताना माणसाच्या हातापायाचे बळ तरफेच्या आणि द्रवदाबाच्या साहाय्याने कैक पटींनी वाढवले जाते. सोडताना मात्र माणसाचे बळ मुळीच कामी येत नाही, कारण बोटांनी लिव्हर दाबता येते, मागे ढकलून ब्रेक सोडवता येत नाही. ते काम एखादी स्प्रिंग, रबराचे एखादे कडे आणि डोळ्याला जेमतेम दिसेल असे एक छिद्र यांच्यावर सोपवलेले असते. धरण्याची क्रिया दांडगी आणि सोडण्याची क्रिया नाजूक असल्यामुळे धूळ, गंज, चिखल किंवा चुकीचे ग्रीस यांचा उपद्रव आधी सोडण्याच्या क्रियेला होतो, आणि तोपर्यंत धरण्याच्या क्रियेत काहीच उणे जाणवत नाही. हा दोष उशिरा का कळतो, याचे उत्तर या विषमतेत आहे.

बुऱ्हाणपूर आणि भोवतालच्या मुलखात या दोषाला पोषक अशी परिस्थिती जवळजवळ बारमाही असते. तापीकाठचे हे शहर १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. शहरात यंत्रमाग, शहराबाहेर केळीच्या बागा, आणि एका बाजूला रावेर-मुक्ताईनगरकडचा तर दुसऱ्या बाजूला धारणीकडचा महाराष्ट्र, अशा या भूगोलात मोटारसायकल हे हौसेचे नव्हे तर रोजगाराचे साधन आहे. दुधाचे कॅन, चाऱ्याचे भारे, खताची गोणी आणि घरची माणसे हे सगळे त्याच गाडीवरून जाते. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती चाकाच्या हबवर लिंपली जाते आणि उन्हाने ती विटेसारखी घट्ट होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आणि इंदूर-इच्छापूर रस्त्याने उत्तरेकडे जाणाऱ्याला असीरगडाजवळ सातपुड्याची चढउतार लागते, जिथे ब्रेक वारंवार आणि दीर्घकाळ वापरावे लागतात. माती, उष्णता आणि ओझे ही तिन्ही कारणे इथे एकाच गाडीच्या वाट्याला येतात.

थोडेसे घासल्याने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याचा साधा हिशोब मांडून पाहणे उपयोगी ठरेल. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबताना सुमारे २८,००० ज्यूल एवढी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरते. आता चिकटलेल्या ब्रेकमुळे चाकाच्या परिघावर केवळ २० न्यूटनचा, म्हणजे दोन किलो वजन लोंबकळत ठेवावे एवढाच, विरोध सतत होत आहे असे मानू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना हा विरोध दर सेकंदाला सुमारे २८० ज्यूल उष्णता निर्माण करतो, म्हणजे घरगुती इस्त्रीच्या साधारण एक-तृतीयांश क्षमतेची शेगडीच चाकाच्या मध्यभागी अखंड पेटलेली राहते. अर्ध्या तासात ही उष्णता पाच लाख ज्यूलपर्यंत जाते. ताशी ६० च्या वेगावरून अठरा वेळा गाडी थांबवावी आणि मध्ये ब्रेकला उसंत मिळू नये, असा हा प्रकार आहे. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १०० सीसीच्या गाडीला ढोबळ मानाने दीड किलोवॅट शक्ती लागते हे लक्षात घेतले, तर त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या घर्षणावर खर्ची पडतो. ॲव्हरेज कमी झाले म्हणून कार्बोरेटर साफ करणाऱ्याने आधी चाक फिरवून पाहावे, हा सल्ला म्हणूनच रास्त आहे.

ब्रेकचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोन्हींमध्ये चिकटण्याची कारणे वेगळी आहेत. ग्रामीण भागात अजूनही बहुसंख्येने असलेला प्रकार म्हणजे ड्रम ब्रेक. १९९४ मध्ये बाजारात आलेली हिरो होंडा स्प्लेंडर आणि तिच्या वर्गातल्या गाड्या याच ब्रेकवर पोसल्या गेल्या. यात चाकाच्या हबमध्ये एक पोकळ गोल डबा, म्हणजे ड्रम, असतो आणि त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू बसवलेले असतात, ज्यांच्या बाहेरच्या अंगाला घर्षणाचे अस्तर चिकटवलेले असते. दोन्ही शूंच्या टोकांमध्ये ‘कॅम’ नावाचा चपट्या डोक्याचा दांडा असतो. पेडल दाबले की रॉड खेचला जातो, रॉडने कॅमची बाहेरची आर्म फिरते, कॅम आडवा होतो आणि शू फाकून ड्रमला आतून टेकतात. पेडल सोडल्यावर शूंना जोडणाऱ्या दोन स्प्रिंगा त्यांना परत एकत्र ओढतात. कॅमला उलटा फिरवून पूर्वस्थितीत आणण्याचे कामही याच स्प्रिंगांना करावे लागते, आर्मवर किंवा पेडलवर बसवलेल्या स्प्रिंगची त्यांना थोडी मदत असते, एवढेच.

ड्रम ब्रेक चिकटण्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे कॅमचा दांडा त्याच्या भोकात कोरडा पडणे. हा दांडा ब्रेक प्लेटमधून, म्हणजे ड्रमवरच्या झाकणातून, आरपार बाहेर येतो, आणि तो जिथे बाहेर येतो तिथेच चिखल, धुलाईचे पाणी व धूळ यांचा मारा होतो. आतले मूळचे ग्रीस वाळून डिंकासारखे होते, त्यावर गंज चढतो आणि पायाच्या जोराने फिरणारा कॅम स्प्रिंगच्या जोराने परत फिरेनासा होतो. दुसरे ठिकाण पेडलचा दांडा, जिथे सायलेन्सरची आच आणि रस्त्याचा चिखल हे दोन्ही पोहोचतात. दोष या दोहोंपैकी कुठे आहे, हे ओळखण्याची रीत साधी आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागच्या रॉडचा समायोजन नट पूर्ण काढावा आणि रॉड आर्मपासून अलग करावा. एवढ्याने चाक मोकळे झाले आणि आर्म स्वतःहून मागे आली, तर दोष पेडलकडे आहे किंवा नट जास्त आवळला गेला होता. आर्म जागच्या जागीच राहिली आणि हाताने ढकलल्यावरच हलली, तर दोष कॅममध्ये किंवा थकलेल्या स्प्रिंगांत आहे. आणि आर्म नीट मागे येऊनही चाक घासत असेल, तर ड्रमचा गोलपणा, अस्तराची अवस्था किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे लागते. चाकाच्या एका फेऱ्यात एकाच जागी घासल्याचा आवाज येत असेल, तर ड्रम किंचित लंबगोल झाला असल्याची ती खूण असते.

याहूनही सोपे आणि म्हणूनच दुर्लक्षित राहणारे एक कारण ब्रेकबाहेरच घडते. मागच्या चाकाची चेन सैल झाली की चाक एक्सलसकट मागे सरकवून ती ताणली जाते. पण ब्रेकचा रॉड पुढे पेडलला जखडलेला असल्यामुळे चाक मागे सरकताच रॉड ओढला जातो आणि पेडलला कुणी हात न लावता ब्रेक थोडासा लागून राहतो. चेन ताणल्यावर ब्रेकचा नट पुन्हा जुळवावा लागतो तो यासाठी. पंक्चर काढताना चाक उतरवले गेले असेल, तर परत बसवताना स्पेसर उलटसुलट होणे, ब्रेक प्लेट वाकडी बसणे, नट अंदाजाने जास्त फिरवला जाणे, हे सगळे घाईत होऊ शकते. एक्सल पूर्ण आवळण्याआधी ब्रेक दाबून धरावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यभागी आपोआप बसतात, आणि त्याच स्थितीत एक्सल आवळावा, ही चांगल्या कारागिराची सवय आहे. पेडलच्या टोकाला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे, म्हणजे पेडल एवढे खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात व्हावी, असे या वर्गातल्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते.

आणखी एका प्रथेचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण ती काटकसरीच्या नावाखाली जिवावर बेतू शकते. अस्तर झिजत गेले की रॉडचा नट शेवटच्या आट्यापर्यंत येतो आणि आणखी आवळायला जागा उरत नाही. अशा वेळी नवे शू बसवण्याऐवजी कॅमवरची आर्म काढून एक दाता सरकवून बसवली जाते आणि ब्रेक पुन्हा करकरीत लागू लागतो. प्रत्यक्षात झिजलेल्या अस्तरामुळे कॅमला आधीपेक्षा जास्त फिरावे लागत असते. तो जवळजवळ काटकोनात उभा राहिला की शूंच्या टोकांचा दाब त्याला परत फिरवण्याऐवजी तिथेच अडकवून ठेवतो, आणि ऐन वेगात मागचे चाक जखडले जाते. ब्रेक प्लेटवर झीज दाखवणारा बाण दिलेला असतो, तो मर्यादेच्या खुणेपर्यंत पोहोचला की शू बदलणे हाच उपाय आहे.

ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास ते तिथून निघत नाहीत. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. कॅम पूर्ण बाहेर काढून गंज बारीक पॉलिश पेपरने घालवावा, भोक आतून साफ करावे आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ थर दांड्यावर, कॅमच्या तोंडावर आणि शू ज्या खिळीवर टेकतात तिथे लावावा. ग्रीस जास्त झाले तर ते तापून अस्तरावर उतरते आणि न सुटणाऱ्या ब्रेकच्या जागी न लागणारा ब्रेक पदरी पडतो. स्प्रिंगा जुन्या गाडीत ताणून लांबलेल्या असतात. त्यांची किंमत किरकोळ असल्याने शू बदलताना त्याही बदलणे शहाणपणाचे.

डिस्क ब्रेकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आणि म्हणून अधिक रंजक आहे. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० या गाडीवर पुढच्या चाकाला द्रवदाबावर चालणारा डिस्क ब्रेक दिला आणि मोठ्या प्रमाणात तयार होणाऱ्या मोटारसायकलींत तो रुळला. भारतीय रस्त्यांवर तो सर्रास दिसायला पुढे तीस वर्षे जावी लागली. यात चाकाबरोबर एक पोलादी चकती फिरते आणि ‘कॅलिपर’ नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पॅडने धरतो. हँडलवरच्या लिव्हरजवळ ‘मास्टर सिलिंडर’ नावाचा लहानसा पंप आणि त्यावर ब्रेक ऑइलची डबी असते. लिव्हर दाबली की पंपाचा दट्ट्या ऑइलला होजपाइपमधून खाली ढकलतो, आणि बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा सतराव्या शतकात पास्कल यांनी मांडलेला नियम इथे कामाला येऊन कॅलिपरमधला मोठा पिस्टन पॅडला चकतीवर रेटतो. ब्रेक ऑइल म्हटले जात असले तरी हा द्रव तेल नव्हे, तर ग्लायकॉल वर्गातले रसायन असते, आणि हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

एवढ्या दाबाने पुढे गेलेला पिस्टन मागे कसा येतो, हा खरा प्रश्न आहे, कारण कॅलिपरमध्ये त्याला ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एका खाचेत रबरी सील बसवलेले असते, ज्याचा काप गोल नसून चौकोनी असतो. पिस्टन पुढे सरकताना तो सीलच्या आतल्या कडेला आपल्याबरोबर ओढतो, बाहेरची कड मात्र खाचेतच राहते, आणि रबर तिरपे ताणले जाते. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात येते व येताना पिस्टनला मागे घेऊन येते. ही माघार मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाइतकीच असते, पण पॅड आणि चकती यांच्यातले नाते जुळायला किंवा तुटायला तेवढी पुरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते; तिच्यामुळे ॲल्युमिनियमच्या खाचेत पांढरी भुकटी साचते, ती सीलला मागून रेटते, आणि रबर पिस्टनवर इतके घट्ट आवळले जाते की त्याला तिरपे होऊन परत फिरायला जागाच राहत नाही. बाहेरच्या बाजूने पिस्टनच्या उघड्या भागावर चिखल आणि पॅडची भुकटी बसते, ती वेगळीच.

सोडण्याच्या क्रियेतला दुसरा दुवा हँडलवर, मास्टर सिलिंडरमध्ये, असतो. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना पंपाच्या दट्ट्यासमोर एक अतिसूक्ष्म छिद्र उघडे राहते, जे खालची बंदिस्त नळी आणि वरची डबी यांना जोडते. ब्रेक तापला की ऑइल प्रसरण पावते आणि वाढलेले ऑइल या छिद्रातून वर डबीत निघून जाते. लिव्हर दाबली की दट्ट्या सर्वांत आधी हे छिद्र झाकतो आणि मगच दाब निर्माण होतो. बुऱ्हाणपूरकरांना ही रचना समजायला दूर जावे लागत नाही. मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहराकडे वाहत येते, आणि त्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे थर भिंतींवर चढून चढून वाट अरुंद करतात, ही त्या वारशाची आजची मोठी चिंता आहे. मास्टर सिलिंडरमध्ये हेच सुईच्या अग्राएवढ्या प्रमाणात घडते. जुन्या ऑइलचा खडा किंवा गाळ त्या छिद्रात बसला, की खालच्या तापलेल्या ऑइलला वर जायला वाट नाही, आणि मग ते पिस्टनलाच पुढे ढकलते.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते, आणि वाहनधारकाला चक्रावून टाकणारे लक्षणही त्यातूनच जन्मते. घरून निघताना गाडी मोकळी असते. चार-पाच किलोमीटरवर लिव्हर नेहमीपेक्षा टणक लागू लागते, तिची मोकळी चाल नाहीशी होते, ॲक्सिलरेटर वाढवूनही वेग येत नाही, करपल्यासारखा वास सुटतो, काही गाड्यांत मागचा ब्रेकचा दिवाही पेटलेलाच राहतो आणि अखेर पुढचे चाक फिरेनासे होते. गाडी झाडाखाली लावून अर्धा-पाऊण तास गेला की ऑइल थंड होऊन आकसते आणि चाक काहीच न झाल्यासारखे फिरू लागते. मिस्त्रीकडे पोहोचेपर्यंत दोष दिसेनासा झालेला असतो, आणि मिस्त्री चाक फिरवून ‘सगळे ठीक आहे’ असे प्रामाणिकपणेच सांगतो. तापल्यावर धरणे आणि थंड झाल्यावर सुटणे, हा क्रम सांगता आला तर निदानाचे अर्धे काम तिथेच होते, कारण गंजलेला पिस्टन किंवा जाम झालेली कॅलिपरची पिन थंड गाडीतही घासतच असते.

चाक धरलेले असतानाच केलेली तपासणी म्हणून सर्वांत खात्रीची असते, आणि तिच्या पायऱ्या वरून खाली जातात. प्रथम लिव्हर पाहावी: ती पूर्ण मागे येते का, तिचा खिळा कोरडा किंवा वाकलेला आहे का, बाहेरून घेतलेली नवी लिव्हर दट्ट्याला सतत किंचित दाबून तर ठेवत नाही ना, कारण दट्ट्या केसभर पुढे राहिला तरी ते छिद्र झाकलेले राहते. मग मास्टर सिलिंडरला होजपाइप जोडणारा बोल्ट, भोवती फडके गुंडाळून, अगदी थोडा सैल करावा. दाबाने ऑइलचा थेंब आला आणि चाक सुटले, तर दाब मास्टर सिलिंडरमध्ये अडकलेला होता. चाक सुटले नाही तर तो आवळून खाली कॅलिपरवरचे निपल, ज्यातून एरवी ऑइलमधली हवा काढली जाते, पाव फेरा सैल करावे. इथे चाक सुटले तर अडथळा दोहोंच्या मधल्या होजपाइपमध्ये आहे, कारण जुन्या पाइपचे रबर आतून सुजते आणि हाताच्या जोराने ऑइल खाली जाऊ देते पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर ऑइलचा दोष नाही. पिस्टन किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना जाम आहेत. पिनांचा दोष पॅडवरही उमटतो, एका बाजूचा पॅड संपलेला आणि दुसरा नव्यासारखा दिसतो.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान अज्ञानाने नव्हे तर चांगल्या हेतूने केलेल्या सफाईने होते. गॅरेजमध्ये प्रत्येक सुटा भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची रीत आहे, आणि इंजिनाच्या भागांसाठी ती योग्यही आहे. पण ब्रेकची सीले ज्या रबराची असतात ते ग्लायकॉलला सोसते, खनिज तेलाला नाही. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागले की ते रबर फुगते, आणि आदल्या दिवशी साफ केलेला ब्रेक आठवडाभरात पूर्वीपेक्षा घट्ट चिकटतो. सीले ताज्या ब्रेक ऑइलनेच भिजवावीत. पिनांना सिलिकॉनचे किंवा रबराला चालणारे खास ग्रीस लावावे. पिस्टन बाहेर काढायचा तर होजपाइप सोडवण्याआधीच, लिव्हर हळूहळू दाबून, ऑइलच्या दाबाने काढावा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा देऊन काढल्यास तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर ते चिरडते. सीलची खाच बांबूच्या काडीने खरवडावी, स्क्रूड्रायव्हरने नाही, कारण धातूवर पडलेल्या ओरखड्यातून नंतर ऑइल झिरपते. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर तो घासून चालवू नये, बदलावा. आणि एकदा काढलेली सीले परत न बसवता नवे किट घालावे.

ऑइलचा रंगही बरेच सांगतो. नवे ऑइल फिकट पिवळसर, पारदर्शक असते. कोऱ्या चहासारखे काळपट झालेले ऑइल बदलण्याच्या लायकीचे असते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि डॉट ४ चा २३०. पण त्यांत ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. चिकटलेल्या ब्रेकच्या उष्णतेने असे ओले ऑइल उकळले, तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते पण दाब पुढे नेत नाही, आणि लिव्हर हँडलला टेकूनही ब्रेक लागत नाही. म्हणजे न सुटणारा ब्रेक काही मिनिटांत न लागणारा ब्रेक होतो. डबीवर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल, साधारण दोन वर्षांनी, बंद डब्यातून काढून घालावे. डबी काठोकाठ भरण्याचा मोहही टाळावा, विशेषतः झिजलेल्या पॅडवर ऑइल भरले आणि मग नवे पॅड बसवले तर मागे ढकललेल्या पिस्टनमुळे पातळी आणखी चढते आणि उन्हाळ्यात प्रसरणाला जागा उरत नाही. ऑइल टाकीच्या रंगावर सांडले तर रंग निघतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या दुचाकींवर १२५ सीसीपर्यंत जोड-ब्रेक म्हणजे सीबीएस किंवा चाक जखडू न देणारे एबीएस आणि त्यापुढे एबीएसच आवश्यक झाले. ड्रमच्या गाडीतला जोड-ब्रेक मागच्या पेडलवरून पुढच्या चाकाकडे एक केबल नेतो, त्यामुळे पुढचा ब्रेक चिकटलेला दिसला तरी कारण त्या केबलच्या गंजात किंवा मागच्या पेडलमध्ये असू शकते. एबीएसच्या गाडीत नळ्यांच्या मधोमध झडपांचा एक संच असतो आणि तो योग्य साधनांशिवाय उघडू नये.

लहान दोषाचे रूप किती मोठे होऊ शकते, हे खानदेशाने ‘ब्रेक बाइंडिंग’ याच शब्दाच्या संदर्भात पाहिले आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी बुऱ्हाणपूरच्याच लोहमार्गाने मुंबईकडे गेलेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ, आग लागल्याच्या अफवेने प्रवाशांनी उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जणांचा जीव गेला. चाकाजवळ दिसलेल्या ठिणग्या चिकटलेल्या ब्रेकमुळे किंवा तापलेल्या आसामुळे उडाल्या असाव्यात, असा रेल्वे अधिकाऱ्यांचा प्राथमिक अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. रेल्वेचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि मोटारसायकलीचा ऑइलवर किंवा रॉडवर, पण अडकलेला दाब सुटायला वाट न मिळाली की घर्षण, उष्णता आणि ठिणगी हा क्रम दोन्हीकडे सारखाच असतो.

वाटेत चाक धरले तर तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये, कारण एकदम थंड झालेले पोलाद वाकते. सावलीत थांबावे, आणि निघणे अटळच असेल तर आठ नंबरच्या पान्याने निपल क्षणभर उघडून दाब सोडावा, परत आवळावे व तो ब्रेक निकामी आहे असे समजून दुसऱ्या ब्रेकवर सावकाश जावे. दुरुस्तीनंतर हवा काढून झाली की गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर टणक होईपर्यंत दाबावी, कारण मागे ढकललेला पिस्टन पहिल्या एक-दोन दाबांत पॅडपर्यंत पोहोचतच नाही. मग चाक उचलून हाताने फिरवावे: डिस्कच्या पॅडचा हलका स्पर्श ऐकू येणे स्वाभाविक आहे, पण चाकाने दोन-तीन फेरे स्वतःहून घेतले पाहिजेत, आणि ब्रेक दाबून सोडल्यावर पुन्हा तेवढेच घेतले पाहिजेत. शेवटी चार-पाच किलोमीटरची फेरी तो ब्रेक न वापरता करावी, दुसऱ्या ब्रेकने थांबावे आणि हबवर किंवा चकतीवर, बोट न लावता, पाण्याचे दोन थेंब टाकावेत. थेंब चुर्र करून उडाले तर ब्रेक पुन्हा उघडावा लागेल. ओघळून खाली गेले तर ब्रेक सुटला आहे.